वणव्याचा धूर आणि आपली हवा



वसंत आला म्हणजे आमच्या वऱ्हाडात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. गावोगावी व्याख्यानमालांचे मांडव पडतात आणि रानांना आगी लागतात. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोहोंचे कारण एकच आहे. पावसाची धास्ती नसते, शेतातली मोठी कामे उरकलेली असतात, संध्याकाळी उघड्यावर सुखाने बसता येते, म्हणून व्याख्याने होतात. पावसाची धास्ती नसते, सागाची पाने गळून जमिनीवर कडकडीत वाळलेली असतात, मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला धुरे आणि वावर साफ करायचे असते, म्हणून आगी लागतात. तेव्हा वणव्याच्या धुराचा विषय आम्ही येथे मांडायला घेतला तो ऋतूला धरूनच आहे.

रात्री नऊ-साडेनऊला व्याख्यान संपते. कारंज्याच्या गल्ल्यांतून घरी परतताना एखाद्या दिवशी नाकाला खरपूस, किंचित कडवट वास येतो, दिव्याच्या खांबाभोवती पिंजारलेल्या कापसासारखे वलय दिसते, आणि बरोबरचा कोणी तरी म्हणतो, "कुठीतरी रान पेटलं वाटते." एवढे बोलून आपण घरी जातो आणि झोपतो. सकाळी घसा धरलेला असतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची ढास वाढलेली असते. पण तोवर रात्रीचा वास विसरलेला असतो आणि दोष थंड पाण्याला किंवा कैरीला दिला जातो. वणव्याने झाड जळते, प्राणी होरपळतो, हे आपण जाणतो आणि त्याबद्दल हळहळतोही. धुराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो थोडासा मांडून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

कारंजा हे काही अरण्यातले गाव नव्हे. कापसाची बाजारपेठ, नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, जैनांची जुनी मंदिरे आणि ग्रंथभांडारे यांसाठी त्याची ख्याती. परंतु नकाशा उघडून पाहावा. गावाच्या शेजारीच कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. ते सुमारे 18 चौरस किलोमीटरचे माळरान आहे, म्हणजे गवताचे राज्य. पश्चिमेला काटेपूर्णेचे जंगल, पूर्वेला व दक्षिणेला यवतमाळकडची सागवानी राने. आणि उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे 100 किलोमीटरवर, सातपुड्याच्या कुशीतला मेळघाट. उन्हाळ्यात आपल्याकडचा वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतो, काही दिवस तो उत्तरेकडेही वळतो. ताशी पंधरा किलोमीटरचा साधा वारा असला तरी मेळघाटावरची हवा सात तासांत कारंज्यावर येते. दुपारी तीनला तेथे पेटलेल्या रानाचा धूर रात्री दहाला आपल्या डोक्यावर असू शकतो. जंगल गावापासून दूर आहे म्हणून त्याचा धूरही दूरच राहील, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आगी लागतात कशाने? आम्ही शाळेत शिकलो ते असे की, बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते आणि वणवा पेटतो. ही गोष्ट इतकी गोड आहे की ती मोडवत नाही. पण मोडायला हवी. आपल्याकडच्या कोरड्या पानगळी जंगलांतल्या बहुतेक सर्व आगी माणसाच्या हातून लागतात. वीज पडून आग लागणे इतर देशांत पुष्कळ घडते. आपल्याकडे वीज येते ती प्रायः पावसाला बरोबर घेऊन, आणि तोवर आगीचा हंगाम संपत आलेला असतो. मग उरतो तो माणूस, आणि त्याच्या हेतूंची गुंतागुंत मोठी आहे. मोहफुले टिपायची असतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात आणि ती आग कधी कधी झाडाखाली राहत नाही. तेंदूच्या झुडपांना आगीनंतर कोवळी, रुंद पाने फुटतात आणि विडीच्या व्यापाराला तशीच पाने हवी असतात. गुराख्याला वाळल्या गवताच्या जागी हिरवा कोंब हवा असतो. वाटसरूने टाकलेले विडीचे थोटूक आणि जंगलाला लागून असलेल्या वावरातून धावत गेलेली आग, ही दोन आणखी कारणे. यांतला कोणीही स्वतःला जंगलाचा शत्रू समजत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे आणि तो कायदा आजही लागू आहे. पण पोटाच्या मागे लागलेल्या माणसाला कलम दाखवून आग विझत नाही. मोहाखाली जाळे बांधणे, तेंदूची झुडपे पेटवण्याऐवजी छाटणे, असे उपाय काही ठिकाणी चालू आहेत. आमच्या मते पोलिसी बंदोबस्तापेक्षा त्यांतून अधिक साधेल.

आता धुराकडे वळू. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे आपल्या तर्कशास्त्रातले अनुमानाचे पहिले उदाहरण. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ते घोकले. परंतु नैयायिकांनी त्याच्या पुढची एक बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर निघायला अग्नीचा ओल्या इंधनाशी संयोग व्हावा लागतो. या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटले. आजचे रसायनशास्त्र याहून वेगळे काय सांगते? लाकूड, पान, गवत यांतले द्रव्य पूर्ण जळले तर कर्बवायू आणि पाण्याची वाफ एवढेच उरायला हवे. पण इंधनात ओल असली, हवा कमी पडली, ज्वाला विझून नुसते धुमसणे चालू राहिले, म्हणजे ज्वलन अर्धवट होते. आणि या अर्धवटपणाचेच नाव धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळ्यांना झोंबणारे फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलीन असतात, बेंझीन असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डांबरासारख्या द्रव्याचे व काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. माळावरचे वाळके गवत भडकन पेटते आणि झटकन संपते; त्याची आग भयंकर दिसते, पण धूर त्या मानाने थोडा. पडलेला ओंडका, ओलसर पाचोळ्याचा थर, अर्धवट सुकलेली पऱ्हाटी ही आग दिसत नाही, पण रात्रभर धुमसत राहते. आपल्या नाकाशी गाठ पडते ती या दुसऱ्या प्रकाराची.

कणांच्या आकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सारे मर्म तेथेच आहे. आमच्या श्रोत्यांत शकुंतला रेल्वे पाहिलेली मंडळी आहेत. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत असे. खिडकीशी बसलेल्याच्या सदऱ्यावर कोळशाचे काळे कण पडत, डोळ्यांत खडा जाई, आणि घरी आल्यावर आई आधी तोंड धुवायला लावी. तो धूर उद्धट होता. पण त्याचे मोठे कण लवकर खाली पडत आणि धुता येत. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण याच्या उलट स्वभावाचे असतात. शास्त्रज्ञ ज्यांना 'पीएम 2.5' म्हणतात, ते 2.5 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागापेक्षा, लहान कण. माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. धुरातले पुष्कळसे कण तर एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. 2.5 मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेत दिवसभरात पंधरा-वीस मीटर खाली येतो. त्याहून बारीक कण जवळजवळ येतच नाहीत. ते वाऱ्याबरोबर दिवसचे दिवस प्रवास करतात आणि पाऊस त्यांना धुऊन काढीपर्यंत हवेत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे तसा पाऊस कोठून आणायचा?

मावळतीचा सूर्य धुरकट दिवशी तांबडा, गुळगुळीत नाण्यासारखा दिसतो आणि आपण त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू शकतो. त्याचेही कारण हेच कण आहेत. निळा प्रकाश ते वाटेतच विखरून टाकतात आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. छायाचित्र काढणारांना तो देखावा आवडतो. आमची तक्रार नाही. फक्त त्या वेळी आपण काय श्वासात घेत आहोत हे ठाऊक असावे.

आता हिशेब. एका हेक्टर सागवानी रानात चार टन पाचोळा जळला असे धरू. एक किलो पाचोळा जळताना सुमारे 7 ग्रॅम सूक्ष्म कण निघतात असे धरले, तर हेक्टरी 28 किलो कण हवेत गेले. आकडा लहान वाटतो. आता हे कण दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद अशा प्रदेशावर सारखे पसरले आणि जमिनीपासून 200 मीटर उंचीपर्यंतच कोंडले गेले, असे समजा. तेवढ्या हवेचे घनफळ 2,000 कोटी घनमीटर होते. भागाकार केला की दर घनमीटरला 1.4 मायक्रोग्रॅम येतात. एकच हेक्टर जळून कधी थांबत नाही. 40 हेक्टर, म्हणजे साधारण 100 एकर रान जळले, तर तोच आकडा 56 होतो. आपल्या देशाने 2009 साली ठरवलेली चोवीस तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅमची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचवलेली मर्यादा तर 15 ची. म्हणजे 100 एकरांच्या एका आगीने, हवेत आधी दुसरे काही नसतानाही, आपण आपल्या मर्यादेच्या उंबरठ्यावर आलो. खरी हवा अशी पेटीत बसत नाही, वारा तिला ढकलतो, हे आम्ही जाणतो. पण प्रमाण कळायला हा हिशेब पुरे आहे.

यात 200 मीटर उंचीची जी गोष्ट आम्ही सहज म्हणून टाकली, तीच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळी दुपारी जमीन तव्यासारखी तापते, तिच्यावरची हवा तापून वर उसळते, आणि ही घुसळण तीन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत जाते. वावटळी उठतात त्या याच घुसळणीच्या लेकी. त्या वेळी लागलेल्या आगीचा धूर एवढ्या मोठ्या रांजणात मिसळला की वरचा 56 चा आकडा चारच्याही खाली येतो. मात्र सूर्य मावळला, आकाश निरभ्र असले, की जमीन भराभर थंड होते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होते, आणि तिच्यावर दिवसाची गरम हवा झाकणासारखी बसते. नेहमी वर जावे तसतसे गार लागते, येथे उलट होते. शास्त्रात याला तापमानाचा व्यत्यास म्हणतात. भांड्यावर झाकण बसले की आतली वाफ जशी कोंडते, तसा धूर कोंडतो. सकाळी ऊन चढून नऊ-दहाच्या सुमारास झाकण फुटेपर्यंत तो आपल्या घरांच्या उंचीवरच घुटमळतो. म्हणून आग तीच, धूर तोच, पण दुपारी दोनला निरुपद्रवी आणि रात्री आठला घातक. हिवाळ्यात हे झाकण अधिक घट्ट बसते. आणि उत्तरेत भाताचे धसकट जाळण्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, तेव्हा वारा तिकडून असला तर गंगेच्या मैदानावर साचलेल्या धुराचा काही भाग मध्य भारताकडे सरकतो.

एवढे समजल्यावर धुऱ्यांचा विषय टाळता येत नाही. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. भाषेनेच धुरा आणि धूर शेजारी बसवून ठेवले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत धुऱ्यावरचे गवत, वावरातली पऱ्हाटी, तुरीची धसकटे, सोयाबीनचे सडके कुटार हे सारे पेटवले जाते. केव्हा? दिवसभराचे ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. हवा पडलेली असते, आग आवरायला सोपी जाते, अंगाला झळ कमी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने वेळ अगदी शहाणपणाने निवडलेली असते, आणि धुराच्या दृष्टीने तीच सर्वांत वाईट वेळ. एका एकरातली पऱ्हाटी टनभर धरली, तर मघाच्याच हिशेबाने एका संध्याकाळी 100 एकरांतली पऱ्हाटी जळाली की रात्रीच्या हवेत 35 मायक्रोग्रॅमची भर पडते. मेळघाटाचा धूर सात तास चालून, वाटेत विरळ होऊन येतो. हा तर गावकुसाजवळून निघतो. तेव्हा नाकाला वास आला की जंगलाकडे बोट दाखवण्याची जी आपली सवय आहे, ती थोडी तपासून पाहायला हवी.

येथे एक अडचण आहे, आणि ती आम्ही लपवणार नाही. शेतकरी पऱ्हाटी हौसेने जाळत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाची जी दाणादाण उडवली, ती कोणी विसरलेले नाही. ही अळी हंगामानंतर उभ्या पऱ्हाटीत आणि तिच्यावर राहिलेल्या बोंडांत दडून राहते. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून तिचा नायनाट करावा, हा सल्ला कृषिखात्याचाच आहे. नायनाट करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काडी. पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत गाडण्याची यंत्रे आहेत, तिच्यापासून जळाऊ कांड्या आणि फळ्या बनवण्याचे तंत्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पण यंत्राचे भाडे आणि वाहतुकीचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने द्यायचा आणि शुद्ध हवा शहरातल्याने घ्यायची, हा व्यवहार न्यायाचा नाही. ज्याला हवा हवी त्याने भाड्यात वाटा उचलावा. तोवर निदान एवढे होऊ शकते की, जाळायचेच असेल तर पऱ्हाटी पुरती सुकू द्यावी आणि सकाळचे झाकण फुटल्यावर, वारा नसताना, भोवती पट्टा नांगरून, लहान लहान ढीग करून जाळावे. भर दुपारच्या वाऱ्यात पेटवण्याचा सल्ला मात्र आम्ही देणार नाही. त्यात धूर कमी होईल पण शेजाऱ्याचा गोठा जाईल. सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ आम्हांस त्यातल्या त्यात बरी वाटते. आणि धुऱ्यावरचे गवत जाळूच नये. पेटवल्याने बी मरते असे म्हणतात. पुष्कळ गवते मुळापासून पुन्हा फुटतात, जळतो तो पाचोळ्यातला नत्र आणि धुऱ्यावरची बाभूळ.

दूरच्या धुराची ताकद किती असते याचे उदाहरण अलीकडेच साऱ्या जगाने पाहिले. 2023 च्या उन्हाळ्यात कॅनडात प्रचंड वणवे लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्वेबेक प्रांतातला धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला उतरला आणि 7 जूनला न्यूयॉर्कचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले; त्या दिवशी जगातल्या मोठ्या शहरांत तेथली हवा सर्वांत वाईट ठरली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी त्या आठवड्यात मुलांना घराबाहेर खेळू दिले नाही. याहून बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. 2019-20 च्या तेथल्या वणव्यांत प्रत्यक्ष आगीने 33 माणसे दगावली. त्यानंतर संशोधकांनी त्या महिन्यांतल्या धुराचा हिशेब मांडला, तेव्हा धुरामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज 417 निघाला. आगीच्या बारापट! पण या 417 जणांपैकी कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर 'धूर' असे लिहिलेले नसणार. हृदयविकार, दमा, फुप्फुसाचा जुना विकार, असेच लिहिले असेल.

असे का व्हावे? नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकटा मोठी धूळ अडवतात; खोकून, शिंकरून ती बाहेर पडते. सूक्ष्म कण हे पहारे चुकवून फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात. तेथे रक्त आणि हवा यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ पडदा असतो. शरीर या कणांना शत्रू समजून सूज आणते; ती सूज रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला त्या धुरकट रात्री छातीत कळ येते. धुराने खोकला येतो एवढेच लोक जाणतात; हृदयाशी त्याचा संबंध आहे हे सांगावे लागते, म्हणून आम्ही ते जोर देऊन सांगत आहोत. दम्याचे रोगी, साठी उलटलेली माणसे, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना सर्वांत जास्त जपले पाहिजे. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा ओढते, आणि त्याची फुप्फुसे अजून घडत असतात.

येथे कोणी विचारील, की आमच्या आया-आज्या जन्मभर चुलीपुढे बसल्या, त्यांचे काय झाले? पुष्कळ झाले. त्यांचा दमा, त्यांचे अधू डोळे आपण वार्धक्याच्या खाती मांडले. चुलीचा धूर आणि वणव्याचा धूर हे सख्खे भाऊ आहेत. 2016 पासून उज्ज्वला योजनेने खेड्यांत गॅस पोचला, तरी सिलिंडरच्या किमतीमुळे कित्येक घरांत चूल अजून विझलेली नाही. अशा घरातली बाई वणव्याच्या रात्री घरात आणि बाहेर दोन्हीकडे धूरच घेते.

मग स्वतःपुरते काय करावे? पहिली गोष्ट फडक्याची. उन्हाळ्यात आपण तोंडाला दुपट्टा किंवा रुमाल बांधतो. उन्हाला आणि धुळीला तो उत्तम, पण धुराच्या सूक्ष्म कणांना त्याची वीण म्हणजे सताड उघडे दार. ओला केला तरी फारसा फरक पडत नाही. करोनाच्या काळात माहीत झालेला एन-95 जातीचा मुखपट्टा, नाकाशी आणि गालांशी नीट चिकटून बसला तर, हे कण अडवतो. आग विझवायला जाणाऱ्याने तो जरूर लावावा. दुसरी गोष्ट कुलरची, आणि ती खास आपल्या भागाची आहे. विदर्भात घरोघरी जो पाण्याचा कुलर आहे, तो बाहेरची हवा ओढून घरात ढकलतो. वाळ्याची किंवा लाकडी भुश्श्याची ताटी धूळ अडवते, धूर अडवत नाही. दारे-खिडक्या लावून आपण सुरक्षित आहोत असे समजावे आणि कुलरने बाहेरचा सारा धूर खोलीत आणून भरावा, असे घडते. म्हणून धुराचा वास येत असेल त्या रात्री आणि पहाटे कुलर शक्यतो बंद ठेवून पंखा लावावा. पण 44 अंशांच्या दुपारी म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला कुलर धुराच्या भीतीने कोणी बंद करू नये. उष्माघात धुरापेक्षा लवकर मारतो. सुदैवाने दुपारी धूरही वर गेलेला असतो. तिसरी गोष्ट पहाटेच्या फिरण्याची. आरोग्यासाठी पाच वाजता उठून झपझप चालणारी मंडळी धुरकट दिवशी नेमक्या वाईट वेळी सर्वांत खोल श्वास घेतात. त्या दिवशी फिरणे संध्याकाळी ऊन असतानाच उरकावे, नाही तर एक दिवस सुट्टी घ्यावी.

हवेच्या निर्देशांकाचे आकडे हल्ली भ्रमणध्वनीवर दिसतात. ते पाहावेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दूरच्या शहरात बसवलेल्या यंत्राचा आकडा हा आपल्या गल्लीचा आकडा नव्हे. दुसरी अधिक महत्त्वाची. आपल्या देशाच्या निर्देशांकात सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी धरतात. समजा, रात्री तीन तास धुराने आकडा 300 वर गेला आणि बाकीचे एकवीस तास तो 30 होता. सरासरी 64 च्या आत येते, आणि त्या दिवसाची हवा 'मध्यम' या सदरात जाते. ज्याचा दम त्या तीन तासांत अडकला, त्याला ही सरासरी काय समजावणार! म्हणून आपल्या डोळ्यांवर आणि नाकावर विश्वास ठेवायला शिकावे. रोज सकाळी गच्चीवरून दिसणाऱ्या खुणा ठरवाव्यात: जवळचे मंदिराचे शिखर, त्यामागची पाण्याची टाकी, त्यामागे क्षितिजावरची झाडांची रांग. ज्या सकाळी धुके पडण्याचे दिवस नसताना रांग पुसली जाते, त्या दिवशी जपावे. ज्या सकाळी टाकीही पुसट होते, त्या दिवशी मुलांची मैदानावरची कवायत पुढे ढकलावी, असे शाळांनी ठरवले तर त्याला यंत्र लागत नाही.

तर्कशास्त्राच्या उदाहरणाकडे पुन्हा एकदा वळतो, कारण आता ते उलटे झाले आहे. पूर्वी धूर पाहून अग्नी ओळखत. आज आधी अग्नी दिसतो, तोही आकाशातून. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साहाय्याने जंगलातल्या आगी हुडकून संबंधित वनाधिकाऱ्यांना कळवते. आधीच्या उपग्रहयंत्राला एक किलोमीटरच्या चौकटीतली उष्णता जाणवे, नंतरच्याला 375 मीटरच्या चौकटीतली जाणवते. पण उपग्रह काही माथ्यावर टांगलेला नसतो. तो ठरलेल्या वेळी वरून जातो, आणि संध्याकाळी लागून मध्यरात्रीपूर्वी विझलेली धुऱ्याची लहानशी आग त्याच्या वहीत येतच नाही. आणि निरोप आला तरी आग विझवायला माणूसच जातो. पाठीवर पाला फुंकणारे यंत्र किंवा हातात ओल्या फांद्यांचा झुडपा घेऊन, 45 अंशांच्या उन्हात, डोंगराच्या उतारावर. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतात. त्यापूर्वी जाळरेषा कापून-जाळून तयार ठेवाव्या लागतात आणि हंगामी वनमजूर नेमले जातात. 8 एप्रिल 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर मृत्यू पावले. एकदा काबूत आलेली आग वाऱ्याने पुन्हा उसळली आणि ते तिच्यात सापडले. जे बचावतात, ते हंगामातले चार महिने हा धूर उगमापाशीच, सर्वांत दाट असताना, छातीत भरून घेतात. आम्ही एवढा वेळ शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या विरळ धुराची चर्चा केली. त्यांच्या फुप्फुसांची हंगामापूर्वी आणि हंगामानंतर तपासणी व्हावी, प्रत्येकाला नीट बसणारा मुखपट्टा मिळावा, ही मागणी त्यांची संघटना करो न करो, त्या रानांची हवा खाणाऱ्या शहरांनी ती करायला हरकत नाही.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. जंगलाला किंवा सोहोळच्या माळाला आग लागलेली दिसली तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. त्यावर फोन करून जागा सांगावी, जवळचे गाव, नाला, रस्ता यांसह. आग दिसत नसेल, नुसताच धूर दिसत असेल, तरी सांगावे.